बायकांचंच दुखणं

प्रिय बाकीझिओ,

‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीनं. त्यात फार काही शोधू नकोस.

ईस्टरला तुझ्या घरी आम्ही सगळ्या जणी पातळ रोट्या लाटायला बसलो होतो आणि माझी बोटं मिटत नव्हती. तू दारातूनच ओरडलास, “आल्या राणीसाहेब! काम दिसलं की हिचे सांधे धरतात. अगदी आईवर गेलीय.” तुझे मेंढपाळ दोस्त खिदळले. तुझी बायको मान खाली घालून पीठ मळत राहिली. मीही गप्प बसले. आज बसणार नाही.

आईची बोटं थंडीत पांढरीफटक व्हायची, मग निळी. उन्हात गेली की गालांवर लाल चट्टे उठायचे. बाबा म्हणायचे, “मेंढीच्या दुधाचं चीज करायच्या वेळेलाच बरी हिची बोटं निळी पडतात!” पुढे तिचे पाय सुजले, तोंड सुजलं आणि पन्नाशीच्या आत ती गेली. गाव म्हणालं, दृष्ट लागली. डॉक्टरला कुणी बोलावलं नाही. बाबांची जमीन आपण वाटून घेतली, त्यांची जीभ मात्र एकट्या तुझ्या वाट्याला आली.

माझ्या आजाराचं नाव ल्यूपस. शरीराचे पहारेकरी शरीरावरच उलटतात. “खरा आजार असता तर पुरुषांना झाला नसता का?” हा तुझा लाडका सवाल मी इथे कालियारीच्या इस्पितळात डॉक्टर पिंतुसबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, “पुरुषांनाही होतो. पण दहा रुग्णांत नऊ बायका.” बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात, पुरुषाच्या पेशीत एकच. दोन्ही पूर्ण जोरात चालली तर गोंधळ होईल, म्हणून शरीर एकाला गप्प करतं. त्यासाठी त्याच्यावर जे आवरण चढवलं जातं, तेच कधी कधी पहारेकऱ्यांना शत्रू वाटतं. शिवाय गप्प केलेल्यातली काही जनुकं चालू राहतातच. त्यात बायकांच्या हार्मोन्सची भर. “सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही,” असं त्या मोकळेपणानं म्हणाल्या. तुला मात्र दारात उभ्या उभ्या सगळं कळलं होतं.

आता नीट वाच. तुझी लेक एल्वेझिया मैत्रिणींबरोबर फ्लोरेन्सला गेलेली नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा गालांवर चट्टे होते आणि घोटे इतके सुजलेले, की बूट चढत नव्हते. घरी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, “आत्या, बाबा म्हणतील, आजीची नाटकं हिनं उचलली.” एकोणीस वर्षांची पोर तुझ्या भीतीनं आजार लपवत होती, बाकीझिओ! तिलाही ल्यूपसच आहे; मूत्रपिंडांना सूज आहे, म्हणून त्याच इस्पितळात ठेवलंय. आईलाही तेच झालं असावं. पिंतुसबाई म्हणतात, वेळेवर आली, औषध लागू पडतंय. पोरगी दाराकडे डोळे लावून बसते. मला ते मुळीच आवडत नाही, पण ती तुझीच वाट बघतेय. म्हणून हे पत्र. ये. आल्यावर एवढंच विचार, “कुठं दुखतंय, बाळा?” आणि तिचं बोलणं संपेपर्यंत तोंड बंद ठेव. मध्ये एक शब्द जरी टाकलास, तरी तुला वॉर्डाबाहेर मीच काढीन.

नाइलाजानं तुझीच बहीण,
गोनारिया