सल्ला माझा नव्हता

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, विषशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दाबाखाली न येता लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा धाकटा भाऊ सध्या मंत्री आहे आणि "ताईला भ्रम झालाय" असं चारचौघांत सांगत फिरतो. म्हणून डॉक्टरही मुद्दाम त्याचेच निवडले.

यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर. हे स्वकष्टार्जित आहे. त्यावर भावाचा किंवा त्याच्या वारसांचा काडीचाही हक्क नाही. हे घर मी माझ्याकडे राहणाऱ्या पार्लरवालीला देते. ती माझी नातेवाईक नाही, नोकरही नाही. तिच्या पर्समध्ये चिमूटभर गांजा सापडला आणि तिची चार वर्षं तुरुंगात गेली. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की हा पदार्थ अतिधोकादायक वर्गात आहे, तोही तज्ज्ञ समितीच्या सल्ल्यानुसार. त्या समितीची अध्यक्ष मी. सुटल्यावर ती थेट माझ्या दारात आली. चहा नको म्हणाली. "बाई, एवढंच सांगा, हे तुम्ही लिहिलंत?"

मी लिहिलं नव्हतं. बहिणीलाच अध्यक्ष नेमलं की ती घरचं ऐकेल, असा भावाचा हिशेब असावा. आम्ही दोन वर्षं एकेक पदार्थ घेऊन बसलो. घेणाऱ्याचं नुकसान किती, घरच्यांचं किती, रस्त्यावरून जाणाऱ्याचं किती, असे गुण दिले. गांजा म्हणजे काही पालेभाजी नव्हे, हेही आम्हीच लिहिलं. पण त्याला खालच्या वर्गात टाका, पकडलेल्याला तुरुंगाऐवजी दवाखान्यात पाठवा आणि आमच्या मोजणीत दारू सगळ्यांत वर आली आहे हे लोकांना सांगा, असा आमचा सल्ला होता. भावाने नेमकं उलटं केलं आणि सभागृहात छाती काढून म्हणाला, "तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार." मूळ अहवाल कुलुपात गेला, आमच्याकडच्या प्रतीही काढून घेतल्या.

मी तडक त्याच्या घरी गेले.

"ताई, दारूला हात लावला तर सरकार पडेल. आणि गांजाला सूट दिली तर लोक मला फाडून खातील."

"मग असंच सांग की लोकांना!"

"असं कोणी सांगतं का?" म्हणाला आणि स्वतःसाठी पेग भरला.

तो निवडून आलाय, मी नाही. सल्ला झिडकारायचा अधिकार त्याला आहे, हे मी आजही मानते. पण मग स्वतःच्या तोंडाने सांग, कारण दे आणि त्या कारणावर मतं माग. तुझ्या भीतीवर माझी सही कशाला? माझ्या नावावर एक बाई आत गेली, याचा संताप मी मेले तरी जायचा नाही.

घराच्या पुढच्या खोलीत तिने पार्लर काढावं. तुरुंगातून आलेलीला कोणी गाळा देत नाही. पाटी चांगली मोठी लावावी. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली तर मुरडू देत, नाकं त्यांचीच आहेत.

२. बँकेतली ठेव तिच्या अपिलासाठी. वकील स्वस्तातला बघू नये.

३. तराजू आणि सूक्ष्मदर्शक माझ्या जुन्या प्रयोगशाळेला. वजन करताना तराजूवर हात टेकू नये, आकडा बदलतो. मंत्री भेटीला आले तर त्यांनाही हे सांगावं.

४. पुस्तकं समितीतल्या मनोविकारतज्ज्ञांना. अहवाल फिरवल्याचं कळताच त्यांनी राजीनामा तोंडावर फेकला होता. आमचे आकडेवारीवाले मात्र गप्प राहिले आणि पुढे मोठ्या पदावर गेले. त्यांना मी माझा कमरेचा पट्टा देते. पाठीला कणा नसेल तर आधार होतो.

५. आईची आरामखुर्ची भावाला. लहानपणापासून त्याचा तिच्यावर डोळा आहे. अट एकच: वर्षभरात त्याने पत्रकारांसमोर म्हणावं, "सल्ला मिळाला होता, मी तो मानला नाही." नाही म्हणाला तर खुर्ची पार्लरमध्ये गिऱ्हाइकांसाठी ठेवावी.

६. भाऊ या मृत्युपत्राला आव्हान देणार, हे मी गृहीत धरते. दे बाबा, खुशाल दे. माझ्या वकीलबाई कळवळून म्हणाल्या, "घर का देताय ते लिहू नका हो. ते तेच धरून तुम्हाला वेडी ठरवतील." म्हणून तर लिहिलं! मला भ्रम झाला होता असं म्हणायचं, तर समितीने खरोखर काय सल्ला दिला होता ते कोर्टाला दाखवावं लागेल, म्हणजे मूळ अहवाल बाहेर काढावा लागेल. नाही काढला तर घर तिचं. काढला तर घरही तिचं, आणि अपिलात तिच्या वकिलाच्या हातात तो अहवाल. जिवंतपणी अहवाल उघड करा म्हणून सतरा अर्ज करून मला जे जमलं नाही, ते मेल्यावर माझा भाऊच करील.

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल.
दिनांक: १९ मार्च.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: मंत्र्यांचे डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्या बाई शुद्धीवर आहेत. मला दोनदा गप्प बसवलं.

साक्षीदार दुसरी: मंत्र्यांची पत्नी. नणंदबाईंनी वरची सही माझ्यासमोर केली. सरकार पडेल हे वाक्यही माझ्यासमोरच बोललं गेलं, तेव्हा मी दारात उभी होते. कोर्टाने बोलावलं तर मी येईन.