भूषूची बाहेरची झोप

८ डिसेंबर, सोमवार

बाळांना अंगणात झोपवणार म्हणे! डिसेंबरात! पाळणाघराच्या शर्मिष्ठानं आज सगळ्या घरच्यांना बोलावून जाहीर केलं — दुपारची झोप आता बाहेर, पेरूच्या झाडाखाली. परदेशात बर्फातसुद्धा झोपवतात म्हणे. "ताज़ी हवा में बच्चे गहरी नींद सोते हैं, आंटी." मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि बाई शहाणी झाली. स्वतःचं एक पोर नाही, दुसऱ्यांच्या लेकरांवर प्रयोग!

मी म्हटलं, "काहून बाई, घराले छप्पर नाही का?" ती हसली. आमची पायलही हसली. सूनबाईंना नवं ते सगळंच चांगलं वाटतं.

ताजी हवा — रायपूरची! गच्चीवर पांढरी चादर वाळत टाका आणि संध्याकाळी तिच्यावरून हात फिरवा. बोटं काळी. कारखान्यांची ही काजळी घरबसल्या फुकट मिळते, तिच्यासाठी पाळणाघर कशाला लागतं?

९ डिसेंबर

खरं तर पाळणाघराचीच गरज नव्हती. मी आहे ना घरात? रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर होऊन बसले ती कशासाठी? पण नाही. पायल म्हणते, "मम्मी, आपके घुटने." माझे गुडघे! माझ्या लेकाला, यशदीपला, याच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, तेव्हा कोणी गुडघे काढले नाहीत.

आठ महिन्यांचं नातवंड सकाळी बॅग भरून ड्यूटीवर निघतं. भूषूचं खरं नाव काय, तर बुद्धभूषण. आणि बुद्धभूषण चालले चौबे कॉलोनीतल्या पाळणाघरात, झाडाखाली झोपायला!

११ डिसेंबर

टोपडं द्यायचं निमित्त करून पाहून आले. बाजारात वांगी मांडावी तशी पोरं मांडली होती — ओळीनं छोट्या खाटा, वर मच्छरदाण्या, नाकापर्यंत पांघरुणं. शर्मिष्ठा मधे स्टुलावर. उठून उठून प्रत्येकाच्या मानेखाली बोट घालते, अंग गरम आहे की गार ते पाहायला. काय तो थाट!

भूषू मात्र टक्क जागा. मला पाहून हसला. माझं काळीज सुपाएवढं झालं. म्हटलं, "पाह्य, नाही झोपत आमचा." तर म्हणते, "अभी नया है, आंटी. आदत पड़ जाएगी."

पाहूच.

१५ डिसेंबर

एक युक्ती सुचली.

पायलनं भूषूची घुटी कधीच बंद केली. डॉक्टर मना करते हैं! डॉक्टर काल जन्मले, घुटी माझ्या आजीच्याही आधीची. पायल आंघोळीला गेली की मी सहाणेवर हिरडा, वेखंड उगाळून चाटवतेच. आजपासून जायफळाचे वेढे वाढवले. सकाळी घरीच झोप काढून गेला की तिथं दुपारी झोपतो कशाला? मग बसू दे शर्मिष्ठाबाईंना जाग्या पोराशी डोकं फोडत. चार दिवस असे गेले की पायल आपणच म्हणेल — मम्मी, तुम्हीच सांभाळा.

१६ डिसेंबर

सकाळी डोळा म्हणून मिटला नाही. खिदळत गेला.

दुपारी पाळणाघराच्या ग्रुपवर फोटो! टोपड्यातून नाक तेवढं बाहेर, गाढ झोपलेला. "भूषू ने आज रिकॉर्ड तोड़ दिया!" खाली सगळ्या आयांचे टाळ्या वाजवणारे हात. मेले ते हात!

१९ डिसेंबर

जायफळ आणखी वाढवलं. तरी तेच. घरी टुणटुणीत, तिकडे कुंभकर्ण. जणू शर्मिष्ठाशी संगनमत केलंय पोरानं.

यशदीप दोस्ताला फोनवर सांगत होता, "भाई, खुली हवा का कमाल है." बँकेत मॅनेजर झाला, पण अक्कल काउंटरवरच राहिली. मी म्हटलं, "कमाल-बिमाल काही नाही, पोट्टा थकून झोपून राहिला." तर म्हणतो, "मम्मी, तू मान क्यों नहीं लेती?"

मानायचं! मी! ऑफिसात मोठ्या साहेबाचं मानलं नाही कधी.

२३ डिसेंबर

आज कोणी पेपरवाला फोटो काढायला येणार आहे म्हणे. आणि मधल्या खाटेवर कोण? आमचा भूषू! पायलनं पंडरीच्या कापडबाजारातून नवा स्वेटर आणलाय. घरात लग्न असल्यासारखी घाई.

मी जायफळ चांगलंच उगाळलं. रागच इतका होता की हात थांबला नाही. झोप रे राजा, काय झोपायचं ते आत्ता झोप.

नाही झोपला. स्वेटर घालून, टाटा करून गेला.

२३ डिसेंबर, संध्याकाळ

दवाखान्यात आहोत. पर्समधल्या डायरीत लिहिते आहे.

भूषू उठलाच नाही. फोटोवाला गेला, बाकीची पोरं उठली, दूध प्यायली, हा तसाच. हलवलं की पापणी किलकिली करतो आणि मान टाकतो. शर्मिष्ठानं फोन केला, आम्ही धावलो. मी तिला वाट्टेल ते बोलले. "थंडीत टाकलं माझ्या लेकराले! मले माहीतच होतं!" ती भूषूचा मोजा हातात धरून रडत होती. यशदीप पोलिसांत जाईन म्हणून तिच्यावर ओरडला. मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

मग डॉक्टरनं विचारलं, "घर में कुछ दिया था? दवा, घुट्टी?" पायल म्हणाली, "नहीं सर, घुट्टी तो कब की बंद है." माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

घुटी संध्याकाळी देतात. माझी आई दिवेलागणीलाच द्यायची, कारण जायफळ लगेच चढत नाही. उशिरा चढतं, आणि चढलं की लवकर उतरत नाही. हे मला ठाऊक होतं! सकाळी मी उगाळत होते आणि दुपारी ते झाडाखाली चढत होतं. रोज. आणि मी हवेवर दात-ओठ खात होते.

डॉक्टर म्हणाले, मग मेंदूचा ताप तर नाही ना, ते बघावं लागेल. पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढायचं. यशदीपनं सही केली.

मी तोंड उघडलं होतं. पण शर्मिष्ठा समोरच उभी. तिच्यादेखत सांगायचं? मिटलं तोंड.

आतून भूषूचं रडणं आलं. पायलनं माझा हात घट्ट धरला होता.

२४ डिसेंबर

रिपोर्ट साफ. भूषू सकाळपासून खेळतोय. कारण काही सापडलं नाही, म्हणाले. शर्मिष्ठाच्या अंगणावर मात्र सगळ्यांनी शिक्का मारला.

२७ डिसेंबर

सगळ्यांनी पोरं काढून घेतली. पाळणाघराला कुलूप. तिचा मेसेज आला — "आंटी, भूषू ठीक है ना? नींद आ रही है?" लोक तोंडावर थुंकले तरी ही पोराची झोप विचारते. उत्तर दिलं नाही.

जायफळ नालीत फेकून आले. त्यानं काय होतं? भेकड बाई! लेकराच्या पाठीत सुई जाऊ दिली, एका पोरीचं पोट मारलं, आणि तोंड शिवून बसली. दुसरी कोणी अशी असती तर मी तिला चौकात उभी करून सोलली असती.

२८ डिसेंबर, रविवार

यशदीप आज कधी नव्हे ते मराठीत बोलला. भूषूला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "आई, तूच बरोबर होती. आता याले तूच सांभाळ. दुसऱ्या कोणावर भरोसा नाही."

घेतलं मी.