चेंडूपाशी घातलेलं गाऱ्हाणं

३ नोव्हेंबर, सोमवार
आज हॉटेलचा गोल्फ कोर्स पाहुण्यांना बंद, म्हणजे आम्हा स्टाफला खेळायला मोकळा. परत तेच. लांबचे फटके झकास, सड्याच्या कातळमाळावरून चेंडू असा जातो की गवत कापणारे मान वर करून बघतात. आणि शेवटी, पट म्हणजे तो हलका फटका मारायचा, होल हातभर अंतरावर राहिलं की माझे हात थरथरायला लागतात. हातभर! आमचं मांजरसुद्धा पंजाने ढकलून घालेल. फर्नांडिस सर (गोव्याचे, आमचे कोच) लांबून बघत होते. वहीत काहीतरी लिहून घेतलं, म्हणजे जास्तच वाईट.
३० ला गोव्याच्या क्लबशी सामना. हॉटेलच्या टीममध्ये रिसेप्शनवरची मी एकटीच. बाकी सगळे साहेब लोक. माझं नाव का घातलं कुणास ठाऊक.

५ नोव्हें.
फ. सरांनी विचारलं, "पट मारताना मनात काय बोलतेस?" म्हटलं, काही नाही. "खोटं. सगळे बोलतात. तू 'चुकू नको, चुकू नको' म्हणतेस. हातांना त्यातलं फक्त चुकणं ऐकू येतं." मग म्हणाले, स्वतःशी पुटपुट. काय करायचंय तेवढंच सांग, आणि स्वतःचं नाव घेऊन सांग. सुजाता, हळू. सुजाता, सरळ. मोठेमोठे खेळाडू असंच करतात म्हणे.
आधी हसू आलं. मग घर आठवलं. आमच्या घरात एकटं बोलणाऱ्या माणसाचं काय होतं, ते सरांना कुठून माहीत असणार.

८ नोव्हें.
ड्यूटीनंतर प्रयत्न केला. 'स्लो', 'स्मूथ'. इंग्रजी माझ्या हातांना कळतच नाही. 'सुजाता, हळू' म्हटलं की शाळेतल्या बाई ओरडल्यासारखं वाटतं. नाद सोडावा झालं.

१० नोव्हें., सोमवार
आज जमलं. कसं ते लिहूनच ठेवते. चेंडूपाशी वाकले आणि तोंडातून आपसूक आलं, "बा म्हाराजा, आज ह्या लेकरान काठी हातात घेतली हा. हात थरथरतत ते थांबव, चेंडू आडवाटेक जाता तो वाटेक लाव रे म्हाराजा." आणि माझं मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा." चेंडू आत. पुढचाही आत. त्याच्या पुढचाही. सरांनी टोपीच काढली.
घरी येताना स्कूटरवर लक्षात आलं. हे बाबांचं आहे. शब्द, चाल, दम घ्यायची जागा, सगळं बाबांचं.

११ नोव्हें.
बाबांबद्दल इथे कधी लिहिलं नाही. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे होता. बाबा उभे राहिले की गाव गप्प. गावाचं सुखदुःख ते देवाच्या कानावर घालणार आणि प्रत्येक वाक्यामागून सगळे म्हणणार, व्हय म्हाराजा. मी शाळेत असताना ते एकटेही बोलायला लागले. आधी गोठ्यात, मग विहिरीवर, मग वेंगुर्ल्याच्या एस.टी. स्टँडवर. गाऱ्हाणंही तेच घालायचे, व्हयही तेच म्हणायचे. पोरं मागे लागायची. शेवटी रत्नागिरीला, मनोरुग्णालयात.
परत आले ते गप्प होऊन. मान चुलत्यांकडे गेला. आता गोळ्या घेतात आणि ओटीवर बसून सुपाऱ्या सोलतात.
मी बाबांसारखी दिसते असं सगळे म्हणतात. लहानपणी ते ऐकून केवढी मिरवायचे.

१५ नोव्हें.
मागच्या पडवीत स्टीलचा पेला आडवा ठेवून सराव करत होते. पुटपुटत. आई कधी दारात आली कळलंच नाही.
"गो, कोणाशी बोलतंस?"
"कोणाशी नाय. खेळाचा आसा ता. सरांनी सांगितला."
आई बघतच राहिली. मग म्हणाली, "तेंचापण पयला असाच होता. इचारला तर सांगायचे, पाठ करतंय."
पेला उचलून आत घेऊन गेली.  मला वाढताना हात थरथरत होता. हा थरथराट निदान आईकडचा म्हणायचा.

१७ नोव्हें., सोमवार
तोंड गच्च मिटून खेळले. सगळे पट बाहेर. सर म्हणाले, "छान चाललं होतं, बोलणं का बंद केलंस?" घसा दुखतोय म्हटलं. त्यांनी खिशातली गोळी दिली. चांगला माणूस आहे, म्हणून जास्तच लाज वाटली.

१९ नोव्हें.
मोबाईलवर शोधत बसले. एका ठिकाणी, स्वतःशी बोलणं चांगलं, लक्ष लागतं. दुसऱ्या ठिकाणी तेच लक्षणांमध्ये. बापाला असेल तर पोरीला किती... पुढे वाचलं नाही. फोन पिठाच्या डब्यामागे ठेवून आले. जणू तो उठून माझ्यामागे येणार होता.

२२ नोव्हें.
आई बाजारात गेली होती. बाबांजवळ जाऊन बसले. एवढ्या वर्षांत जे विचारलं नाही ते विचारलं.
"बाबा, तुमी बोलायचात तेवा तुमीच बोलायचात, काय कोण तुमकां बोलायचो?"
सुपारी सोलतच राहिले. वाटलं, ऐकलंच नाही. मग म्हणाले, "गाऱ्हाणा माजा. व्हय म्हणणारो दुसरो."
"कोण?"
"ता माका कळाक नाय." आणि एकदम माझ्याकडे बघून, "तू गाऱ्हाणा घातलंस?"
मी मानेनेच हो म्हटलं.
"कोणाच्या नावान?"
नाव घेतलंच नव्हतं. गोल्फच्या चेंडूसाठी ग्रामदेवाला कुठे ओढायचं, लाज वाटली. नुसतं 'बा म्हाराजा' म्हटलं होतं. ते सांगितल्यावर बाबांचा हात थांबला.
"नाव घेवक नाय तर वाटेन जो कोण जायत तो ऐकता, बाय."
इतकं साधेपणाने, जणू फाटक लावून घे म्हणताहेत.
मी बी.कॉम. झालेली आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी दिवे लागेपर्यंत ओटीवरून उठवलं नाही. समोरच्या वाटेने जो कोणी जाईल त्याच्या तोंडाकडे बघत बसले.

२४ नोव्हें., सोमवार
तोडगा काढला. नाव घ्यायचं ते माझं. सरांचंही ऐकल्यासारखं, बाबांचंही. "सुजाता, वाट समोर आसा, चेंडू वाटेक लाव." व्हयसुद्धा मीच म्हणते. पट पडताहेत.
पण मध्येच ओठांना बोट लावून बघते, हलताहेत ना. हलताहेत. म्हणजे मीच. अशी खात्री करत गोल्फ खेळणारी जगात मी एकटीच असेन.

२७ नोव्हें.
सर टीमला सांगत होते, सुजाताकडे बघा, मन कसं ताब्यात ठेवलंय. साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू यायला लागलं, म्हणून पाणी प्यायला गेले.

३० नोव्हें., रविवार
आम्ही जिंकलो. शेवटचा पट माझा होता, तो आत गेला म्हणून.
लिहिताना अक्षर वाकडं येतंय.
सगळे कडेला उभे, गप्प. मी वाकले. म्हटलं, सुजाता, वाट समोर आसा, चेंडू वाटेक लाव. ओठांना बोट लावता येईना, दोन्ही हात काठीला. आणि मी म्हणायच्या आधीच ऐकू आलं. व्हय. डाव्या कानापाशी, हळूच. पुरुषाचा आवाज की माझाच, सांगता येत नाही. हात असे स्थिर झाले की माझे वाटेनात. चेंडू आत.
टाळ्या, आरडाओरडा. डावीकडे सर होते. विचारलं, "सर, तुम्ही काही म्हणालात?"
"मी? मी तर श्वास रोखून उभा होतो."
वारा असेल. सड्यावर वारा असतोच. मागून कुणी तरी म्हणालं असेल. हॉटेलवाल्यांनी फोटो पाठवलेत, सगळ्यांत मी हसते आहे.

१ डिसेंबर
आईला सांगून टाकलं. बाबांनी लपवलं त्याचं काय झालं ते पाहिलंय. आई रडली नाही. पदराला हात पुसले, सावंतवाडीला बाबांच्याच डॉक्टरांकडे फोन लावला. बुधवारची वेळ मिळाली. "मी येतंय तुज्या वांगडा," म्हणाली. मग जरा वेळाने, "एकदाच ना?"
"एकदाच."
"मगे वारोच आसतलो."
"वारोच."
दोघी एकमेकींची समजूत घालत बसलो.
संध्याकाळी बाबांपाशी गेले. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. तरी खालच्या मानेने विचारलं, "व्हय ऐकाक इला?"
मी हो म्हटलं. मग मीच विचारलं, "पयल्यांदा ऐकलात तेवा भियालात?"
हातातली सुपारी सोलून बाजूला टाकली. "नाय," म्हणाले. "बरा वाटला. कोण तरी आसा म्हणान."
बुधवारी डॉक्टरांना काय काय सांगायचं ते मनात जुळवते आहे. आवाज सांगेन, कुठल्या कानाशी आला तेही सांगेन. मलाही बरं वाटलं, हे सांगायचं की नाही, ते अजून ठरत नाही.