वहीतली थोरली

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा कसा आहे? तुझा पत्राचा आळस ठाऊक आहे, पण आज रागवायला वेळ नाही.

अण्णांना जाऊन वर्ष झालं, म्हणून त्यांची वही छापायला देण्यासाठी उतरवून काढते आहे. इंग्रजीत मुलं हमखास गल्लत करतात अशा शब्दांच्या जोड्या, प्रत्येक शब्दाला एक वाक्य. ‘लूस’ला तिच्या बुटाची नाडी सैल आहे, ‘लूझ’ला तिला गर्दीत हरवू देऊ नका. ‘अ‍ॅक्सेप्ट’ला तिने नोकरी स्वीकारली, ‘एक्सेप्ट’ला तिच्याखेरीज सगळे जेवले. सगळीकडे एकच मुलगी, आणि ती पानागणिक मोठी होते. आधी वाटलं, मीच. पण हिला पोहता येतं. मग उमगलं, ही आपली थोरली, चार वर्षांची असताना तापाने गेलेली. शेवटच्या पानावर ती पन्नाशीची आहे.

मला भीती वाटते रे. पान उलटताना पलीकडे कुणीतरी थांबल्यासारखं वाटतं. प्रकाशक म्हणतात, सगळीकडे एकच मुलगी नको, वाक्यं बदला. उतरवलेली पानं सोबत पाठवते. आईला कळू देऊ नकोस, तिला सोसणार नाही.

तुझी ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गुडघा बरा आहे. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुला माहीत असून सांगितलंस. आईने सगळी पानं मराठीत सांगायला लावली.

थोरली गेली त्याच आठवड्यात अण्णांनी तिचे कपडे देऊन टाकले होते, तिचं नाव कधी काढू दिलं नाही. आई म्हणाली, “मला वाटायचं, हे विसरले. जन्मभर मनातून राग धरला मी.” मग खूप रडली. नंतर विचारलं, आता पुढचं कोण लिहिणार?

वाक्यं बदलू नकोस, असा तिचा निरोप आहे.

तुझा धाकटा

२० जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. प्रकाशकांना स्वच्छ नकार कळवला.

आईचं पाकीट मिळालं. पाच वाक्यं मराठीत लिहिली आहेत, त्यांना इंग्रजी जोड्या म्हणे मी शोधायच्या. एकात थोरलीचे केस पिकलेत. एकात ती अण्णांवर रुसली आहे. शेवटच्यात ती मला भेटायला निघाली आहे.

भीती गेलेली नाही. तरी दुपारपासून दाराला कडी लावली नाही.

लोभ आपल्या तिघांत असाच राहो.

तुझी मधली