जोरी ट्रेंबाथला ओ

१४ ऑक्टोबर
ट्रेवेलॉकला पोहोचलो. चर्चच्या आवारातलं युद्धस्मारक ग्रॅनाइटचं आहे. दगड उत्तम, फक्त युद्धात पडलेल्या गावकऱ्यांची नावं झिजलीत. अकरा नोव्हेंबरच्या स्मृतिदिनाआधी ती मी पुन्हा खोदायची, पायऱ्यांचे सांधे पिरानने भरायचे. येत्या उन्हाळ्यात आमचं दोघांचं लग्न. चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या हॉस्केनबाईंनी केशराचे गोड पाव दिले. खोली उबदार आहे. मी खूश आहे.

१७ ऑक्टोबर
इथली रीत अशी: नाव खोदून झालं की मी ते मोठ्याने वाचायचं आणि त्या घरातल्या कुणीतरी ओ द्यायची, ‘घरी आहे!’ रक्ताच्याच माणसाने. परक्याने दिली तर मेलेला त्याच्या अंगात बिऱ्हाड करतो, असं बाई म्हणाल्या. मी मान डोलावली.
त्यांची भाची टॅम्सिन चहा आणते. आधी पिरानला, मग मला.

२१ ऑक्टोबर
हसताना टॅम्सिन मान मागे टाकते. ते पाहायला पिरान विनोद करतो. पूर्वी माझ्यासाठी करायचा. मी छिन्नी उचलून पुढच्या नावाला लागले.

२३ ऑक्टोबर
शेवटचं नाव जोरी ट्रेंबाथ. त्याचं कुणी उरलेलं नाही, म्हणून ते वाचायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. पण टॅम्सिन पिरानच्या हातावरचा चुना पुसत होती. सावकाश. ते थांबावं म्हणून मी वाचलं.
पिरानने सैनिकासारखी टाच आपटली. ‘घरी आहे, बाईसाहेब!’
टॅम्सिन खिदळली. हॉस्केनबाई पांढऱ्याफटक पडल्या. ‘गाढवा, ती हाक तुला नव्हती!’

२६ ऑक्टोबर
पिरान म्हटलं की वळत नाही. डॉक्टर म्हणतात, कान ठीक आहेत. मानेवर दगडफूल उगवलंय, स्मारकाच्या दगडावर असतं तसं. खरवडलं. रक्त आलं.

२९ ऑक्टोबर
टॅम्सिनच्या तोंडून ‘जोरी’ निघून गेलं. तो लगेच वळला. हसला. ते हसू पिरानचं नव्हतं.
बाई म्हणतात, ते नाव पुन्हा घ्याल तर उरलासुरला पिरानही जाईल. पिरान म्हणूनच हाका मारत राहा. स्मृतिदिनी सारं गाव मिळून जोरीला ओ देईल; सगळ्यांचा झाला की तो एकाच्या अंगात राहत नाही, मग हा सुटेल.

४ नोव्हेंबर
पिरान. पिरान. दिवसभर. घसा बसला. तो भिंतीकडे बघतो —

८ नोव्हेंबर
आज ‘काय गं?’ म्हणाला. स्वतःच्या आवाजात.
टॅम्सिनला.

९ नोव्हेंबर, सकाळ
वरच्या खोलीच्या खिडकीतून दिसतंय. फाटकाशी ती. पिरान म्हणते, आणि तो चाललाय. तिच्याकडे. मानेवरचं दगडफूल गळतंय. बरा होतोय — तिच्या हाकेने —
माझ्या नाही.
पण एका नावाला तो नक्की माझ्याकडे वळेल.

त्या नावाने हाक मारली.

थांबला. वळला. टॅम्सिन किंचाळतेय.
जिन्यात बुटांचा आवाज. जड.
पिरान अनवाणी होता —