चार वाजताचे पाहुणे

कोथरूड, शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस तेजूचा सा. न. वि. वि.

पत्र आपल्या खराडीच्या घरावरच्या मजल्यावरच्या उल्काताईच्या नावानं टाकलंय, म्हणजे बाबांच्या हाती लागणार नाही. नोकरीच्या तयारीसाठी प्रेमलाआत्याकडे आले खरी, पण इथं फोनवर बोललेलं हॉलभर ऐकू जातं, आणि हॉलमधलं तासाभरात खराडीला बाबांपर्यंत.

बाबांची अट तुला ठाऊक आहेच. नोव्हेंबर संपायच्या आत नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचा विषय नाही. नाही लागली, तर ते म्हणतील त्या स्थळाला हो म्हणायचं.

कंपनीच्या चार पायऱ्यांपैकी दोन झाल्या. गणितं सुटली. गटचर्चेत आठ जण एकदम बोलत होते. मी फक्त कोण काय म्हणालं ते शेवटी जुळवून सांगितलं, तर मलाच पुढे घेतलं. आता रविवारी सोळाला, तीन ते पाच, इथूनच कॅमेऱ्यासमोर परीक्षा. चिडलेल्या गिऱ्हाइकांची पत्रं येणार, त्यांना उत्तरं लिहायची. त्यानंतर मुलाखत.

दिवसभर याच खोलीत आरशासमोर बसून हसायचा सराव करते. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते. तिथं एक मुलगा तेच करतो.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझी तेजू

खराडी, १२ नोव्हेंबर

चि. तेजूस आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी सांगतेय, उल्का लिहितेय. मी हाय म्हटलं की ती आहे लिहिते, त्यामुळं कागदावर मी फार शिकलेली दिसते. फसू नकोस.

हसायचा सराव वाचून मला बिनसरावाचं हसू आलं. अगं, मी मेथीच्या खुरपणीला बायका लावायचे तेव्हा कुणाला काही विचारत नव्हते. एक वाफा द्यायचा आणि पाठ करून उभं राहायचं. पाठ केल्यावरही जिचं खुरपं थांबत नाही, तिला उद्या ये म्हणायचं. कंपनीवाले शहाणे दिसतात, त्यांनी पाठ न करता कॅमेरा लावला.

एक वाईट बातमी. तात्यारावांच्या घरची मंडळी तुला बघायला त्याच रविवारी आत्याकडं येणार आहेत, पाच वाजता. नोव्हेंबर सरेपर्यंत थांब, असं मी रविराजला म्हटलं. तो म्हणाला, बघायला काय हरकत आहे. तुझा बाप माझ्यावर गेला असता तर बरं झालं असतं. पाचला सुटलीस की तोंड धू आणि पोहे घेऊन जा. दुसरा इलाज दिसत नाही.

जेवत जा. माया आहे तशीच आहे.
वेणूबाई

कोथरूड, १७ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न.

मंडळी पाचऐवजी चारलाच आली. मी सातव्या पत्राचं उत्तर लिहीत होते. गिऱ्हाईक चिडलं होतं आणि मला फार चांगलं सुचत होतं. तेवढ्यात आत्या दार उघडून आत आली. एका हातात पैठणी, दुसऱ्या हातात गजरा. ती कॅमेऱ्यासमोर वाकून म्हणाली की पाहुणे आलेत, आधी नेस. खोलीत दुसरं माणूस दिसलं की परीक्षा बंद होते. बंद झाली. तास उरला होता.

मग मी नेसले. पोहे नेले. मला स्वयंपाक येतो का, हे त्यांनी आत्याला विचारलं. मला कुणी काही विचारलं नाही. मुलगा भला वाटला, फोनमध्ये बघत होता.

बाबा म्हणतात, आता कंपनीनंच दार लावलं, त्यात त्यांचा काय दोष. आत्या रडतेय, तिला नियम कुणी सांगितला नव्हता. खरंय, मीही नव्हता सांगितला. सांगितला असता तर परीक्षेची वेळ तासाभरात बाबांना कळली असती.

ते लवकर का आले, कुणालाच कळत नाही.
तेजू

खराडी, २० नोव्हेंबर

चि. तेजूस आशीर्वाद.

मला कळतं. त्यांना मी लवकर बोलावलं.

शनिवारी तात्यारावांचा फोन आला. रविराज अंघोळीला गेला होता, मी घेतला. पाचला येतो म्हणाले. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. अशा वेळी कुणी माझ्या नातीच्या दारात पाऊल ठेवायला नको, म्हणून चारला या म्हटलं. मला वाटलं, ते हॉलमध्ये बसतील, तू आत तुझं लिहीत राहशील, दार तर लावलेलंच आहे. तुझ्या भल्यासाठी केलं आणि धोंडा तुझ्याच पायावर पडला. उल्काचं पेन इथं थांबलं होतं. मी म्हटलं, लिही.

तू रागाव. मला चालेल, मला सवय नाही एवढंच.

उल्का सांगते, झालं ते कंपनीला जसंच्या तसं कळव. वीज गेली, नेट गेलं, असलं काही लिहू नकोस, ते रोज तेच वाचतात. आत्या, पैठणी, राहुकाळ, सगळं लिही. असलं कुणी खोटं रचणार नाही.

अपराधी आजी
वेणूबाई

कोथरूड, ३० नोव्हेंबर

ती. आजीस सा. न.

दहा दिवस मुद्दाम लिहिलं नाही. रागावले होते, आता थोडाच राग उरलाय.

तसंच लिहिलं. त्यांनी ऑफिसात येऊन परीक्षा द्यायला सांगितलं. परवा दिली, लगेच मुलाखतही. तिघे समोर. एखादी गोष्ट बिघडली तेव्हा काय केलंत, असं विचारलं. पाठ केलेलं उत्तर तयार होतं, पण तोंडातून पोहेच निघाले. पाहुण्यांवर ओरडला का नाहीत, असं एकानं विचारलं. मी म्हटलं, त्यांना चारची वेळ दिली होती, ते वेळेवर आले होते.

काल नोकरीचं पत्र आलं. आठ डिसेंबरला हजर व्हायचं.

बाबांनी पेढे आणले. त्यांनी तात्यारावांना फोन केला, मला वाटलं नकार कळवायला. तिकडची मंडळी खूश झाली. कमावती मुलगी हवीच होती म्हणे, दोन वर्षं थांबायला तयार आहेत. रविवारी, सात तारखेला, आपल्या घरी सुपारी फोडायची ठरलंय. बाबा म्हणतात, मी अट पाळली, दोन वर्षं विषय काढणार नाही.

आजी, मी नापास झाले असते तर मला त्यांना देऊन टाकलं असतं. पास झाले तर त्यांनी मला पसंतच केलं. यातून सुटायला कुठली परीक्षा देतात?

तेजू

खराडी, ३ डिसेंबर

चि. तेजूस आजीचे उदंड आशीर्वाद.

रविराजला विचारलं, पोरीला विचारलंस का. तो म्हणाला, शब्द दिलाय. मी म्हटलं, तुझा शब्द आहे, तू जा नांदायला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. घर शांत आहे.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. मला बघायला आले तेव्हा सुईत दोरा ओवायला सांगितला. चौदाची होते, डोळे घारीचे. पहिल्या झटक्यात ओवला. सगळे खूश. मला इतका आनंद झाला की हे कशाला ओवायला लावतात ते ध्यानातच आलं नाही. दोरा चुकवता आला असता. हे सुचलं तोवर तुझा बाप रांगत होता. तुझे आजोबा वाईट नव्हते, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

तुला चुकवायला सांगत नाही. तू चांगलं केलंस, ते तुझंच आहे. तुझ्या वतीनं नकार कळवायला मात्र मी जाणार नाही. मी तुझ्यासाठी परस्पर काही केलं की काय होतं, ते आपण दोघींनी पाहिलं. शनिवारीच ये, माझ्या खोलीत झोप. रविवारी मंडळी बसली की हॉलमध्ये ये, हातात काही आणू नकोस, आणि काय असेल ते तूच सांग. हो असेल तर हो. आवाज कापला तरी चालेल, इथं कुणी गुण देणार नाही.

मी शेजारी बसेन आणि तोंड उघडणार नाही. उल्का हसतेय, तिला हे खरं वाटत नाही. मलाही वाटत नाही.

वाट बघतेय, एवढंच मागणं समज.
आजी