टोकणं

प्रिय मुक्ता,

तुम्ही लखनौ सोडून नागपूरला गेलात त्याला चार वर्षं होतील. रमाकांतरावांच्या बँकेने पुन्हा बदली केली नाही ना? मी तिथेच आहे, मुलांच्या त्याच कॅन्सर वॉर्डात, आता इनचार्ज सिस्टर म्हणून. अभिराम माझ्याहून उंच झालाय आणि मराठीत ओरडले तरी 'अच्छा आई, हाँ' म्हणून निघून जातो.

माझ्यावर कारवाई चाललीय. मुलांच्या छातीतून हृदयाजवळच्या रक्तवाहिनीत जाणारी नळी तुला मी काय समजावू? तिचं तोंड दर वेळी स्पिरिटच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासायचं, वाळू द्यायचं, मगच औषध. यात कुणीही चुकलं तर कुणीही टोकायचं, असा नियम मी वॉर्डात लावला. इथे टोकणं नुसता उद्धटपणा नाही, अपशकुनही असतो. आमची आया म्हणालीच, "दीदी, काम के बीच में टोकते नहीं, टोक लग जाती है." मी म्हटलं, लागू दे मला. आणि मोठ्याने आकडे मोजायला लागले, ते मराठीत, कारण घाईत मला हिंदी सुचत नाही. आता सगळा वॉर्ड मराठीत मोजतो.

मंगळवारी मोठे डॉक्टर राउंडला आले. बोळा एकदा फिरवला न फिरवला आणि सिरिंज उचलली. जुन्या लखनौतल्या चौक भागात चिकनचं भरतकाम करणाऱ्या एका बाईची सात वर्षांची ज़ैनब त्यांना म्हणाली, "अंकल, अभी तो पाच भी नहीं हुआ." सगळे हसले. डॉक्टर थांबेनात, तेव्हा मी सरळ त्यांचं मनगट धरलं. नवा बोळा घेतला आणि ज़ैनबने पंधरा म्हणेपर्यंत घासत राहिले.

मेमोत लिहिलंय, 'वरिष्ठांना सर्वांसमक्ष टोकले'. सोमवारपर्यंत लेखी माफी मागायची, नाहीतर रवानगी रेकॉर्ड रूममध्ये. मी मागणार नाही. अकरा महिन्यांत माझ्या वॉर्डात एकाही मुलाला नळीतून जंतुसंसर्ग झालेला नाही, हे मी त्यांच्याच कागदावर मागच्या बाजूला लिहून पाठवलंय. बसवा म्हणावं मला फायलींत. तिथेही मी गप्प बसणार नाही.

मुक्ता, एकदा मी गप्प बसले होते. तुझ्या पूर्वाला ताप चढला त्याच्या दोन दिवस आधी एका डॉक्टरने तिची नळी न पुसताच रक्त काढलं. मी शेजारी उभी होते, बोळा माझ्या हातातच होता. वॉर्डात नवी होते, वाटलं मोठ्यांना कसं टोकायचं. त्यानेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, पण तिच्या रक्तात जंतू सापडले होते आणि ती गेल्यावर मी तुला सांगितलं की तिची ताकदच संपली होती. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, आणि मी पडू दिलं. हेही सगळं मी चौकशी समितीला लिहून दिलंय, माझ्या नावासकट. त्यांची माफी मी मागणार नाही. मागायची आहे ती तुझी. तू दिली नाहीस तरी मी मागत राहीन.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
विजया